वेधशाळा दारात, आणि शाळेत नुसता पडदा!

आधुनिक शिक्षण म्हटले की उज्जैनच्या शाळांना भिंतीवरचा पडदा आठवतो. संगणकाचा एक तास वेळापत्रकात कोंबला, दारावर 'कौशल्य विकास' असा फलक ठोकला, की फी वाढवायला मोकळे! आमचा साधा प्रश्न आहे : त्या तासाचा गणिताशी काय संबंध? भूगोलाशी काय?

क्षिप्राकाठी सवाई जयसिंहांनी १८ व्या शतकात उभारलेली वेधशाळा आहे. १९२३ मध्ये माधवराव शिंदे महाराजांनी तिचा जीर्णोद्धार केला. त्या कामात गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारखे विद्वान होते. आपल्या मुलांना मात्र ती पाहुणे आले तरच दिसते.

तेथील सम्राट यंत्राच्या सावलीवरून मुलांना वेळ वाचू द्या. घड्याळाशी जुळणार नाही, सरासरी २७ मिनिटे मागे दिसेल. का? प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, आपले गाव ७५.८ च्या आसपास, आणि अंशाला ४ मिनिटे. शिवाय हा फरक वर्षभर कमीजास्त होतो. त्या नोंदी संगणकावर भरून आलेख काढा. भूगोल, गणित, खगोल आणि संगणक एकाच अंगणात शिकून झाले. वेगळा तास कशाला?

यात नवे काही नाही. उद्योगाच्या आधारे सगळे विषय, हे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्याला मांडले. पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढून खेड्यातल्या मुलांच्या हातून ते करून दाखवले. २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे पाठवा, असे आहे. भैरवगढचे छापकाम करणारे कारागीर हाकेच्या अंतरावर आहेत. कोणती शाळा तेथे गेली?

येथे पालकही कमी नाहीत. "आमचा मुलगा काय रंगारी होणार?" अहो, रंग कापडावर पक्का का बसतो, हे रसायनशास्त्रच आहे! पुस्तकात तेच पाठ करून घ्यायला शिकवणीचे पैसे मोजता ना?

ज्या शाळांच्या समित्यांवर आपली माणसे बसतात, त्यांनी नव्या सत्राआधी लेखी योजना समाजापुढे ठेवावी. २१ जूनच्या सुमारास दुपारी वेधशाळेतील शंकूची सावली जवळजवळ नाहीशी होते. ढग नसले तर त्या दिवशी कोणत्या शाळेची मुले तेथे येतात, ते आम्ही उभे राहून मोजणार आहोत, आणि पुढच्या अंकात शाळांची नावे छापणार आहोत.