फळमाशीचा सापळा उशिरा टांगू नका

जवळा बाजारच्या आसपास ज्यांनी दोडका, कारली, काकडी लावलीय किंवा ज्यांच्या दारात पेरू-आंबा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. फळावर सुई टोचल्यासारखा डंख, चिरलं की आत पांढऱ्या अळ्यांची वळवळ, आणि तोडा मातीमोल. ही फळमाशी. 2014 मध्ये युरोपने आपला आंबा रोखला तो हिच्यापायी. त्या बंदीच्या यादीत कारलं, पडवळ अन् वांगंही होतं.

हिच्यासाठी दुकानात सापळा मिळतो. कपाशीत बोंडअळीला लावतो तसाच वाटतो, पण कपाशीच्या सापळ्यात मादीचा वास असतो, इथे झाडाचा. आंबा-पेरूच्या सापळ्यातलं मिथाइल युजेनॉल हे द्रव्य तुळशीतसुद्धा सापडतं. पुसाचे कीटकशास्त्रज्ञ हॉवलेट यांनी 1912 मध्ये सिट्रोनेला तेलावर नर माश्या येतात हे नोंदवलं, 1915 मध्ये या द्रव्यावर बोट ठेवलं. आंबा-पेरूवरच्या माशीचा नर ते चाटतो, पोटात त्याचं रूप पालटतो आणि मागच्या टोकाच्या ग्रंथीत साठवतो. दिवेलागणीला पंख फडफडवत तो वास सोडतो, मादी ओढली जाते. ज्याने चाटलं त्याचं लवकर जमतं. अत्तर लावून वरातीत मिरवणारे आपल्याकडे तरी कुठे कमी आहेत!

म्हणजे सापळ्यात येतो तो नर. अंडी घालणारी मादी बाहेरच राहते, आणि उरलेला एक नर अनेक माद्यांना पुरतो. म्हणून फळ पिकायला लागल्यावर दोन सापळे टांगून काही साधत नाही. वेलाला फुलं दिसली, आंब्याला कैरी धरली, की लगेच टांगा, आणि सगळ्या शिवारात मिळून टांगा. शेजारची माशी बांध ओलांडायला परवानगी मागत नाही. पॅसिफिकमधल्या रोटा बेटावरून 1960 च्या दशकात हेच द्रव्य आणि विष वापरून माशी संपवली, ती अख्ख्या बेटावर आमिष टाकलं म्हणूनच.

सापळ्यात ठेवायची वासाची गोळी घेताना पीक सांगा. वेलवर्गीय भाज्यांवरची माशी मिथाइल युजेनॉलकडे ढुंकूनही पाहत नाही, तिला क्यू ल्युअर लागतं. दुकानदार ‘एकच गोळी सगळ्याला चालते’ म्हणाला तर दुसरं दुकान गाठा.

फुटका सापळा तर लटकत ठेवूच नका. नर आत येतो, चाटतो, उडून जातो. मग मादीला तोच जास्त आवडतो, आणि एकदा चाटलेला नर पुन्हा सापळ्याकडे फारसा वळत नाही. फुकटात त्याला नटवून पाठवल्यासारखं झालं ते! मेलेल्या माश्या झटका, पाकिटावरच्या मुदतीत गोळी बदला.

आणि किडकी फळं बांधावर फेकणं बंद करा. अळी मातीत उतरते, कोष करते, नवी माशी होऊन वर येते. रोज वेचून खोल खड्ड्यात पुरा, नाहीतर जाड प्लास्टिकच्या पिशवीत गच्च बांधून उन्हात ठेवा. कोणती माशी, कोणती गोळी हे कळत नसेल तर तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा परभणीच्या कृषी विद्यापीठात विचारा. जाताना डंख लागलेलं फळ सोबत न्या, पिशवीचं तोंड मात्र बांधून.