परदेशी मैदाने आणि घरची रोपवाटिका

२३ ऑगस्ट २०२५ रोजी ब्युनोस आयर्स येथे अर्जेंटिनाच्या रग्बी संघाने न्यूझीलंडचा २९-२३ असा पराभव केला. न्यूझीलंडला अर्जेंटिनाने त्यापूर्वीही तीन वेळा नमविले होते. परंतु २०२० चा विजय सिडनीतील, २०२२ चा ख्राइस्टचर्चमधील आणि २०२४ चा वेलिंग्टनमधील. स्वतःच्या प्रेक्षकांसमोर मिळविलेला हा पहिलाच विजय होता. मात्र घरच्या मैदानावर जिंकलेल्या या संघातील बहुतेक खेळाडू वर्षाचा मोठा काळ घरी नसतात. फ्रान्स आणि इंग्लंडमधील क्लब त्यांना वेतन देतात, त्यांचा सराव घेतात आणि त्यांच्या दुखापतींवर उपचार करतात. राष्ट्रीय संघाच्या वाट्याला ते वर्षातील काही आठवडेच येतात.

या घटनेचा सोयीस्कर अर्थ लावणारे दोन पक्ष रग्बीच्या जगात आहेत. खेळाडूंना खुशाल परदेशी जाऊ द्यावे, तेथील कडव्या स्पर्धेत ते तावूनसुलाखून निघतात आणि त्याचा लाभ अखेर देशालाच होतो, असे एक पक्ष म्हणतो. जो देश आपले उत्तम खेळाडू परक्यांच्या स्वाधीन करतो त्याच्या घरच्या स्पर्धा ओस पडतात आणि पुढची पिढीच निपजत नाही, असे दुसऱ्याचे म्हणणे. अर्जेंटिनाने गेल्या तीस वर्षांत हे दोन्ही मार्ग चोखाळून पाहिले आहेत. म्हणूनच त्या देशाचा अनुभव तपासून पाहण्यासारखा आहे.

हौशीपणाची किंमत

अर्जेंटिनातील रग्बी ही तेथे स्थायिक झालेल्या ब्रिटिशांची देणगी. १८९९ मध्ये तेथे रग्बी संघटना स्थापन झाली आणि पुढे शंभर वर्षे हा खेळ सान इसिद्रोसारख्या उपनगरांतील क्लबांच्या आश्रयाने वाढला. हे क्लब कट्टर हौशी वृत्तीचे. खेळाडूने वर्गणी भरावी, निवृत्तीनंतर मुलांना शिकवावे, हा तेथील शिरस्ता. ह्यूगो पोर्टासारखा जगन्मान्य खेळाडू याच परंपरेतला. १९८५ मध्ये न्यूझीलंडशी २१-२१ अशी बरोबरी झाली तेव्हा अर्जेंटिनाचे सर्वच्या सर्व गुण एकट्या पोर्टाचे होते.

१९९५ मध्ये आंतरराष्ट्रीय रग्बी मंडळाने धंदेवाईक खेळाला मान्यता दिली आणि हे जग हादरले. युरोपातील क्लब पैसे देऊ लागले. अर्जेंटिनातील क्लबांनी हौशी बाणा सोडला नाही. रग्बीवर पोट भरू इच्छिणाऱ्या तरुणाला देश सोडण्यावाचून गत्यंतर उरले नाही. आगुस्तीन पिचोत इंग्लंडमध्ये आणि नंतर पॅरिसला गेला. फेलिपे कोन्तेपोमी ब्रिस्टलमार्गे डब्लिनच्या लेन्स्टर संघात पोहोचला आणि तेथे खेळता खेळता त्याने वैद्यकीय शिक्षणही पुरे केले. अनेक आघाडीचे खेळाडू फ्रेंच क्लबांत स्थिरावले, कारण स्क्रममधील बळाची आणि कसबाची किंमत फ्रान्सइतकी अन्यत्र कोणी जाणत नव्हते.

या स्थलांतराचे फळ २००७ च्या विश्वचषकात दिसले. पिचोतच्या नेतृत्वाखाली अर्जेंटिनाने सलामीच्याच सामन्यात यजमान फ्रान्सला पॅरिसमध्ये १७-१२ असे हरविले आणि तिसऱ्या क्रमांकाच्या लढतीत पुन्हा त्याच फ्रान्सचा ३४-१० असा फडशा पाडला. फ्रेंच क्लबांनी पोसलेल्या खेळाडूंनीच फ्रान्सचा घात केला, अशी गंमत तेव्हा झाली. परंतु या यशामागे एक उणीव दडलेली होती. संघातील प्रमुख खेळाडू हौशी काळात घडलेले होते आणि त्यांची जागा घेणारी पिढी तयार करण्याची व्यवस्था देशात नव्हती. संघाला दरवर्षी खेळावयास मिळेल अशी मोठी स्पर्धाही नव्हती.

शिवाय परदेशी गेलेला प्रत्येक जण परत मिळतो असेही नाही. कोर्दोबात जन्मलेला दिएगो दोमिंगेझ अर्जेंटिनाकडून दोन कसोट्या खेळला आणि मग इटलीचा झाला. ला प्लातात जन्मलेला सर्जिओ पारिस्से पुढे इटलीचा कर्णधार बनला. इटालियन वंशाच्या असंख्य कुटुंबांच्या या देशात आजोबांच्या जन्मदाखल्यावर राष्ट्रीयत्व बदलणे कठीण नव्हते. केवळ वास्तव्याच्या आधारावर दुसऱ्या देशाकडून खेळण्यासाठी लागणारी मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षांवर नेण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. त्यासाठी जागतिक संघटनेत सर्वांत आग्रहाने झगडणारा माणूस पिचोत असावा, हा योगायोग नव्हे.

घरी परतण्याचा प्रयोग

२००७ नंतर अर्जेंटिनाने शहाणपणाचे पाऊल उचलले. २००९ मध्ये आंतरराष्ट्रीय मंडळाच्या साहाय्याने उच्च प्रशिक्षणाची योजना सुरू झाली आणि ब्युनोस आयर्सप्रमाणेच रोसारिओ, मेंदोसा, तुकुमान, कोर्दोबा येथेही केंद्रे उघडली गेली. क्लब हौशी राहिले. परंतु त्यांच्यातील होतकरू मुलांना शास्त्रशुद्ध शिक्षण मिळू लागले. 'पाम्पास' नावाचा तरुणांचा संघ दक्षिण आफ्रिकेतील व्होडाकॉम चषकात उतरविण्यात आला आणि २०११ मध्ये त्याने तो जिंकलाही. २०१२ मध्ये न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका यांच्या वार्षिक स्पर्धेत अर्जेंटिनाला स्थान मिळाले.

पुढचे पाऊल अधिक धाडसाचे होते. २०१६ मध्ये 'हाग्वारेस' हा धंदेवाईक संघ ब्युनोस आयर्समध्ये उभा राहिला आणि सुपर रग्बी स्पर्धेत दाखल झाला. युरोपातील खेळाडूंना परत बोलावण्यात आले. राष्ट्रीय संघात खेळावयाचे तर मायदेशी राहावे, असे धोरण ठरले. २०१९ मध्ये हा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला आणि क्रुसेडर्सकडून १९-३ असा हरला. अवघ्या चौथ्या मोसमात एवढी मजल मारणे सामान्य नव्हते.

परंतु त्याच वर्षी जपानमधील विश्वचषकात, बव्हंशी त्याच खेळाडूंचा राष्ट्रीय संघ प्राथमिक फेरीतच गारद झाला. फ्रान्सकडून तो दोन गुणांनी हरला आणि इंग्लंडसमोर निष्प्रभ ठरला. एकच संघ वर्षभर क्लब म्हणून आणि देश म्हणून खेळत राहिल्याने खेळाडू थकले होते. खंडामागून खंड पालथे घालणारा प्रवास त्यात भर घालीत होता. संघातील जागेसाठी चुरस नव्हती. फकुंदो इसा आणि सांतियागो कोर्देरो हे युरोपात गाजत असलेले खेळाडू घरी न राहिल्याने संघाबाहेर होते. दार बंद केल्याने घर सुरक्षित झाले, पण हवाही कोंडली.

फळ कोणत्या बीजाचे?

२०२० मध्ये कोरोनाच्या साथीने सुपर रग्बी थांबली आणि हाग्वारेस संघ विसर्जित झाला. खेळाडू पुन्हा युरोपात पांगले. राष्ट्रीय रग्बीचा हा अंत आहे, अशी भीती तेव्हा रास्त वाटली असती. घडले ते उलटे. वर्षाहून अधिक काळ एकही कसोटी न खेळलेल्या संघाने त्याच नोव्हेंबरात न्यूझीलंडला प्रथमच, २५-१५ असे हरविले. सगळे गुण निकोलस सांचेझचे. २०२२ मध्ये इंग्लंडला ट्विकेनहॅमवर, २०२३ मध्ये विश्वचषकाची उपांत्य फेरी, २०२४ मध्ये एकाच वार्षिक स्पर्धेत तिन्ही प्रतिस्पर्ध्यांवर प्रत्येकी एक विजय आणि २०२५ मध्ये डब्लिन येथे ब्रिटिश आणि आयरिश लायन्सवर २८-२४ अशी मात, असा हा चढता आलेख आहे.

यावरून परदेशवास हेच यशाचे रहस्य, असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. हुलियान मोन्तोयाने २०२२ मध्ये लेस्टरकडून इंग्लिश विजेतेपद मिळविले. हुआन क्रूझ मायीयाने २०२१ च्या युरोपीय अंतिम सामन्यात तुलूझसाठी ट्राय केला. पण हे दोघे आणि पाब्लो मातेरा, मार्कोस क्रेमेर हे त्यांचे सोबती युरोपात घडलेले नाहीत. हौशी क्लबांत ते वाढले आणि हाग्वारेसमध्ये तयार झाले. युरोपने त्यांना धार लावली. पोलाद घरचे होते. २०२० नंतरचे विजय हे २००९ ते २०१९ या दशकातील पेरणीचे पीक आहे.

इतर देशांचा अनुभवही हेच सांगतो. न्यूझीलंड परदेशी खेळणाऱ्यास संघात घेत नाही. फार तर डॅन कार्टरला २००८-०९ मध्ये फ्रान्सला जाऊ दिले तशी निवडकांना अल्पकाळाची रजा देतो. हे त्या देशाला परवडते, कारण त्याच्या घरच्या स्पर्धाच जगात अव्वल दर्जाच्या आहेत. दक्षिण आफ्रिकेत परदेशस्थ खेळाडूंवर असलेले निर्बंध रासी इरॅस्मसने २०१८ पासून मोडीत काढले आणि २०१९ व २०२३ चे विश्वचषक जिंकले. पण तेथील शाळांचे रग्बी ही अखंड वाहणारी गंगोत्री आहे. वेल्सने साठ कसोट्यांची अट २०१७ मध्ये घातली आणि २०२३ मध्ये ती पंचवीसवर आणली. घरचे क्लब दुबळे असताना नुसत्या नियमाने काही साधत नाही, हे त्यातून दिसले. याउलट फिजीने २०२२ मध्ये 'ड्रुआ' हा घरचा संघ सुपर रग्बीत उतरविला आणि युरोपातील अनुभवी खेळाडूंशी त्याची सांगड घातली. दुसऱ्याच वर्षी फिजीने इंग्लंडला ट्विकेनहॅमवर हरविले आणि विश्वचषकाची उपउपांत्य फेरी गाठली.

मराठी वाचकाला हा विषय परका वाटू नये. फारूख इंजिनीयर १९६८ पासून १९७६ पर्यंत लँकेशायरकडून खेळले. सुनील गावसकर १९८० मध्ये एक मोसम सॉमरसेटकडे गेले. इंग्लंडमधील ओल्या खेळपट्ट्या आणि रोजचा सामना यांनी त्यांच्या अनुभवात भर घातली असेल; परंतु गावसकर सॉमरसेटने घडविले, असे कोणी म्हणणार नाही. ते दादर युनियनने, पावसातल्या कांगा लीगने आणि रणजी स्पर्धेतील मुंबईने घडविले. काउंटीचे दार उद्या बंद झाले असते तरी मुंबईची शाळा चालू राहिली असती. अर्जेंटिनाला तेवढी निश्चिंती नाही.

धोका वयाचा

आज खरा धोका आहे तो खेळाडू परदेशी जातात यात नसून ते किती लवकर जातात यात. फ्रेंच लीगमध्ये प्रत्येक क्लबला देशात घडलेल्या खेळाडूंचे ठरावीक प्रमाण राखावे लागते. ही व्याख्या जन्मावर नव्हे, तर कोवळ्या वयातील प्रशिक्षणावर आधारलेली आहे. विदेशी मुलाला विशीच्या आत आणले की तोही काही वर्षांनी 'देशी' ठरतो. नियमाचा हेतू फ्रेंच तरुणांना संधी मिळावी हा असला, तरी त्याचा एक परिणाम असा की युरोपीय क्लबांची दृष्टी पंचविशीतल्या तयार खेळाडूवरून अठरा वर्षांच्या मुलावर वळते. तयार खेळाडू गेला तर देश त्याला उसना देतो. पोरवयात गेलेला मुलगा देशाच्या हातून निसटू शकतो.

दुसरा प्रश्न शरीराचा. फ्रेंच लीगचा मोसम साखळीतील सव्वीस सामन्यांचा आणि जवळजवळ दहा महिन्यांचा. तो संपतो न संपतो तोच जुलैमधील कसोट्या आणि पाठोपाठ दक्षिणेकडील वार्षिक स्पर्धा. इंग्लिश वा फ्रेंच खेळाडू विश्रांती घेत असतात तेव्हा त्यांचे अर्जेंटिनी सहकारी देशासाठी खेळत असतात. ठरावीक काळात खेळाडू मोकळा करण्याचे बंधन क्लबांवर आहे. त्याला विश्रांती देण्याचे बंधन मात्र कोणाच्याच अंगावर स्पष्टपणे पडत नाही. तिसरा प्रश्न आश्रयदात्याच्या भरवशाचा. २०२२-२३ च्या मोसमात वूस्टर, वॉस्प्स आणि लंडन आयरिश हे तीन जुने इंग्लिश क्लब आर्थिक संकटात कोसळले. लंडन आयरिशमध्ये तर अर्जेंटिनी खेळाडूंचा एक गटच होता. परक्याच्या तिजोरीवर राष्ट्रीय संघाचा संसार चालवणे किती जोखमीचे, हे त्यावेळी दिसून आले.

यावर उपाय दार लावण्यात नाही. तो प्रयोग होऊन गेला आहे. उपाय आहे तो घर आणि परदेश यांच्यामधला पूल पुन्हा बांधण्याचा. २०२३ पासून सुरू झालेल्या सुपर रग्बी अमेरिकाज या स्पर्धेत अर्जेंटिनाचे पाम्पास आणि कोर्दोबाचे दोगोस हे संघ उतरले, ही योग्य दिशेची सुरुवात होय. परंतु तेथील सामन्यांची धग हाग्वारेसच्या काळातील सामन्यांइतकी नाही. हा पूल भक्कम व्हावयाचा तर तरुणांना वर्षातून काही वेळा बलाढ्य परदेशी संघांशी झुंजण्याची व्यवस्था हवी आणि त्या खर्चात जागतिक संघटनेने वाटा उचलला पाहिजे. घडविणाऱ्या क्लबाला मोबदला देण्याची रीत फुटबॉलमध्ये जशी रुजली आहे तशी रग्बीत रुजलेली नाही. सान इसिद्रो वा तुकुमान येथील स्वयंसेवकाने विनावेतन शिकविलेला मुलगा पॅरिसमधील तिकीटविक्रीला हातभार लावत असेल, तर त्या कमाईचा अंश मूळ क्लबाकडे परतणे हा उपकार नसून देणे आहे.

अर्जेंटिनाचे आजचे विजय खरे आहेत आणि कोन्तेपोमी यांच्यासारखा, हौशी क्लबात वाढून युरोपात पारंगत झालेला माणूस आज त्या संघाचा प्रशिक्षक आहे, हे सुचिन्ह आहे. परंतु विजयाच्या काळातच पुढच्या पेरणीचा विचार करावा लागतो. हाग्वारेसमध्ये तयार झालेली पिढी तिशी ओलांडीत आहे. तिच्या जागी येणारी मुले कोठे घडली, याचे उत्तर येत्या विश्वचषकांत मिळेल. ते उत्तर केवळ 'युरोपात' असे असेल, तर जिंकलेला संघही अर्जेंटिनाने घडविलेला असणार नाही.