शेंगतेलाचे दोन ग्रॅम

आहारातील स्निग्धांशाच्या पुरवठ्याचे देशवार आलेख आपल्यापैकी अनेकांच्या व्याख्यानांत असतात. भारताच्या आलेखातली शेंगतेलाची रेघ उताराला लागलेली दिसते, आणि ती दाखवून ‘भारतीयांनी शेंगतेल सोडले’ असे म्हणण्याचा मोह वक्त्याला आवरत नाही. आमचे म्हणणे असे की, ती रेघ रुग्णाच्या कढईविषयी फारच थोडे सांगते. शेंगदाणा कुठे गेला, एवढेच ती सांगते.

आधी गणित पाहू. 1960-61 साली देशात सुमारे 48 लाख टन भुईमूग पिकला आणि जनगणनेत लोकसंख्या भरली 43.9 कोटी. म्हणजे दरडोई अकरा किलो शेंगा. त्यातल्या तीन चतुर्थांश घाण्याला गेल्या आणि शेंगेच्या वजनाच्या तीस टक्के तेल निघाले असे धरले, तर माणशी दिवसाला साडेसहा ग्रॅमच्या आसपास तेल येते. आता चांगल्या वर्षी 100 लाख टन शेंगा होतात, पण माणसे 140 कोटी. दरडोई सात किलो. शिवाय घाण्याला जाणारा वाटा घटला. वर्षाला दहा लाख टन तेल धरले, तर माणशी दिवसाला जेमतेम दोन ग्रॅम. गंमत अशी की दोन्ही काळांत एकूण तेल जवळपास तेवढेच भरते. तेल आटले नाही, खाणारी तोंडे तिपटीहून अधिक झाली.

उरलेली शेंग बियाण्यात, निर्यातीत आणि थेट खाण्यात गेली. भुईमुगाला बियाणेच हेक्टरी शंभर-सव्वाशे किलो दाणे लागते, इतर गळितधान्यांच्या मानाने हा खर्च दांडगा. आपल्याकडे तर खरीप भुईमुगाची रानेच्या राने सोयाबीनने घेतली. काढणीला मजूर मिळत नाहीत, टिक्का रोग पानांवर येतो आणि उरलेसुरले रानडुकरे उकरतात. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

साठच्या दशकातल्या त्या साडेसहा ग्रॅमकडेही डोळे झाकून हळहळू नये. त्या काळी वनस्पती तूप प्रामुख्याने शेंगतेलावरच बनत असे. पुरवठ्याच्या हिशेबात ते शेंगतेल म्हणूनच मोजले जाते. पोटात मात्र त्यातला काही भाग ट्रान्स स्निग्धाम्ले होऊन गेला. ‘आजीच्या काळचे शुद्ध शेंगतेल’ अशी जाहिरात करणाऱ्या लाकडी घाणेवाल्यांना हे कोणी सांगितलेले दिसत नाही.

पुढची कथा तुम्हाला ठाऊक आहे. 1986 मध्ये तेलबियांचे तंत्रज्ञान अभियान सुरू झाले, नव्वदीच्या सुरुवातीला देश स्वयंपूर्णतेच्या जवळ आला, आणि 1994 पासून पामतेलाची आयात खुली झाली. आज वर्षाला सुमारे 160 लाख टन खाद्यतेल बाहेरून येते आणि त्यात मोठा वाटा पामतेलाचा असतो. नीती आयोगाच्या अहवालात दरडोई वार्षिक वापर 19.7 किलो दिला आहे, म्हणजे दिवसाला 54 ग्रॅम. राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शनात 2000 किलोकॅलरीच्या ताटात तेल-तुपाला 27 ग्रॅम दिले आहेत. शेंगतेलाचे दोन ग्रॅम गेले की राहिले, यापेक्षा या बरोबर दुपटीची काळजी आपण करायला हवी.

तरी एक खबरदारी. 54 हा पुरवठ्याचा आकडा आहे. तळून उरलेले, सांडलेले, टाकून दिलेले तेल त्यातून वजा होत नाही. उलट राष्ट्रीय नमुना पाहणीत 2011-12 साली खाद्यतेल ग्रामीण भागात माणशी महिन्याला सुमारे 670 ग्रॅम आणि शहरात 850 ग्रॅम निघाले, म्हणजे दिवसाला 22 आणि 28 ग्रॅम. वर्षे वेगळी आहेत हे मान्य. पण पाहणी घरात आणलेले तेल मोजते. फरसाण, वडापाव, बिस्किटे यांतले तेल त्या रकान्यात येत नाही. दोन आकड्यांमधली बरीचशी दरी तिथेच आहे.

दवाखान्यातही तेच घडते. बाई सांगतात, ‘आमच्याकडे शेंगतेलच असतं.’ पुढच्या खेपेला पिशवी आणायला सांगावे आणि मागची बाजू वाचावी. मिश्र तेलात एखाद्या तेलाचे प्रमाण 20 टक्के असले तरी कायद्याला चालते, आणि पुढच्या चित्रावर शेंगा ठळक असू शकतात. पिशवी हातात आहेच, तर वजनही पाहावे: एक लिटर म्हणजे 910 ग्रॅम. चौघांच्या घरात महिन्याला चार पिशव्या लागत असतील, तर माणशी तीस ग्रॅम घरातच झाले, बाहेरचे वेगळे.

आणि कूट? आहारनोंदीत तो हमखास निसटतो. साबुदाण्याच्या एका वाटीला अर्धी वाटी कूट पडतो. तो पन्नास ग्रॅम धरला, तर त्यात चोवीस ग्रॅमच्या आसपास स्निग्धांश. खिचडी दोघांत वाटली तरी उपवासाच्या एका बशीत फोडणीपूर्वीच बारा ग्रॅम. भरल्या वांग्यात, कोशिंबिरीत, चटणीत पुन्हा तोच. आलेखातल्या दोन ग्रॅमच्या सहापट शेंगदाण्याचे तेल मराठी माणूस अशा एका बैठकीत खातो, आणि पुरवठ्याच्या तक्त्यात ते ‘तेल’ नव्हे, ‘भुईमूग’ या ओळीत बसते. ते वाईट असे आम्ही म्हणत नाही. दाण्याबरोबर प्रथिने आणि तंतूही येतात. पण विचारल्याशिवाय कोणी सांगत नाही. तेव्हा ‘तेल कोणते?’ या प्रश्नाच्या खाली ‘कूट किती?’ हा प्रश्न छापून घ्यावा.

आणखी एक बदल दारात आहे. नेहमीच्या शेंगतेलात ओलिक आम्ल साधारण 40 ते 55 टक्के आणि लिनोलिक 25 ते 35 टक्के असते; अल्फा-लिनोलेनिक जवळजवळ नाहीच. जुनागढच्या भुईमूग संशोधन केंद्राने इक्रिसॅटच्या साथीने आणलेल्या गिरनार-4 आणि गिरनार-5 या वाणांत ओलिक 80 टक्क्यांच्या घरात जाते आणि लिनोलिक त्या मानाने अगदी कमी उरते. असे तेल लवकर खवट होत नाही, म्हणून कारखानदारांना ते हवेच आहे. ते बाजारात रुळले, की आहारमूल्यांच्या तक्त्यात ‘शेंगदाणा तेल’ असा एकच रकाना ठेवून भागणार नाही, आणि शेंगतेल घेणाऱ्या रुग्णाला लिनोलिक कुठून मिळते हे नव्याने मोजावे लागेल.