गेटचा रंग

मंडळी, आज थोडे भांडायचे आहे. नातेवाइकांपैकी ज्यांना वाटेल की हे आपल्यालाच उद्देशून लिहिले आहे, त्यांनी खुशाल तसे समजावे. छत्तीस वर्षे शाळेत भूगोल आणि मराठी शिकवले. हाताची खडूची सवय सुटली, जिभेची सुटलेली नाही.

झाले असे. माझा नातू आठवीत आहे. प्रदर्शनासाठी त्याने खोडदच्या दुर्बिणीचे मॉडेल करायला घेतले. आमच्या पारगावच्या पोरांना जीएमआरटी काही नवी नाही. विज्ञान दिनाला, म्हणजे २८ फेब्रुवारीच्या सुमारास, खोडदला प्रदर्शन भरते आणि आसपासच्या शाळांची मुले आपापले प्रकल्प घेऊन तिथे जातात. तिथली एकेक तबकडी ४५ मीटर व्यासाची, अशा एकंदर ३०. शंभरास एक प्रमाण धरले की तबकडी होते ४५ सेंटीमीटरची, जुन्या मापात एक हात. मोडक्या छत्रीच्या काड्या, खिडकीची मच्छरजाळी, पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि पुठ्ठा एवढ्या भांडवलावर नातवाने ती उभी केली. रंगासाठी मी हार्डवेअरच्या दुकानातून स्प्रेचे दोन डबे आणले, एक करडा प्रायमर आणि एक चंदेरी. दुकानदार माझाच विद्यार्थी. म्हणाला, "बाई, पुन्हा गेटला रंग?"

त्याच आठवड्यात पुण्याहून भाचा आला. त्याला विमाने आणि रणगाडे जोडायचा छंद आहे आणि हात खरोखर चांगला आहे. त्याने डबा उचलून पाहिला आणि हसला. "आत्या, हे ग्रिलला मारायचे रंग. मॉडेलला असले लावत नाहीत. त्याचे रंग वेगळे असतात, बाहेरून मागवावे लागतात." मी किंमत विचारली. सतरा मिलिलिटरच्या बाटलीला अडीचशे-तीनशे रुपये. प्रायमर वेगळा, फवारणीचे यंत्र वेगळे. माझा चारशे मिलिलिटरचा डबा तेवढ्याच पैशांत आला होता. (त्यातला बराच भाग वायूचा असतो, हे मला माहीत आहे. तरीही.)

नातू काही बोलला नाही. तबकडी उचलली, माळ्यावर नेऊन ठेवली आणि म्हणाला, "आजी, राहू दे. मी तक्ता करून नेतो."

माझे भांडण इथून सुरू होते.

आधी रंगाचे बोलू. रंगात असते काय? रंगद्रव्याची पूड, ती धरून ठेवणारा चिकट पदार्थ आणि दोन्ही पातळ ठेवणारे द्रावण. स्प्रेच्या डब्यात भर म्हणून बाहेर ढकलणारा वायू. परदेशी बाटलीतही पहिल्या तीन गोष्टीच असतात. पूड अधिक बारीक दळलेली असते, एवढे कबूल. भाच्याच्या बहात्तरास एक विमानाच्या पंखावर केसाएवढ्या रेषा असतात, तिथे जाड रंग चालणार नाही. साधा हिशोब आहे. शंभरास एक मॉडेलवर एक दशांश मिलिमीटर थर बसला, तर खऱ्या वस्तूवर तो एक सेंटीमीटर जाडीचा गिलावा झाला. पण म्हणूनच तर एका दमात भिजवून काढायचे नसते. डबा दोन मिनिटे चांगला हलवावा, आतली गोळी खुळखुळली पाहिजे. वीतभर अंतरावरून, हात थांबू न देता, धुक्यासारखे पातळ तीन हात मारावेत. मच्छरजाळीची भोके बुजली तर दोष हाताचा, डब्याचा नव्हे.

दुसरा आक्षेप चकाकीचा. तेलरंग मारलेले मॉडेल खेळण्यासारखे दिसते म्हणतात. दिसतेच. मग वरून मॅट क्लिअर मारा, नाहीतर प्रायमरवरच थांबा! करडा प्रायमर मुळातच निस्तेज असतो, किल्ल्याच्या दगडाला त्याहून बरा रंग मला सापडलेला नाही. लोखंडाच्या दारांना लावायचा रेड ऑक्साइड म्हणजे लोहाचे ऑक्साइड, आपल्या कौलांचा आणि तांबड्या मातीचा लालपणाही त्याचाच. उठावाच्या नकाशांत सह्याद्रीची माती मी वर्षानुवर्षे त्यानेच रंगवली. मुले नकाशावरून बोट फिरवायची तेव्हा माती बोटाला लागते की काय असे वाटायचे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो मी पोळून शिकले आहे. एका वर्षी सातवीतल्या एका मुलीने थर्मोकोलचा शिवनेरी केला होता. आठ दिवस कोरत होती. मीच सांगितले, "वरून स्प्रे मार, छान दिसेल." प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी तिने मारला आणि आमच्या डोळ्यांदेखत कडेलोटाचे टोक आत बसत गेले, तटबंदीला खळगे पडले. थर्मोकोल म्हणजे फुगवलेले पॉलिस्टायरिन, आणि स्प्रेतली द्रावणे ते विरघळवतात. मला हे ठाऊक नव्हते. ती मुलगी रडलीसुद्धा नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. तेव्हापासून थर्मोकोलला आधी पाण्यात कालवलेल्या फेविकॉलचे दोन-तीन हात आणि वरून पाण्यातलाच रंग, हा माझा नियम आहे. भाच्याच्या विमानाचे प्लास्टिकही बहुधा पॉलिस्टायरिनच असते, फक्त न फुगवलेले. म्हणून त्यावरही जाड थर चावतो, पातळ थर चावायच्या आत उडून जातो. पाण्यातल्या महागड्या रंगांचा हा गुण मी नाकारत नाही. पण आमच्या जाळीला, काडीला आणि पुठ्ठ्याला त्या गुणाची गरजच काय?

म्हणजे प्रश्न स्वस्त की महाग हा नाहीच. कशावर काय लावायचे, हा आहे. ते ज्ञान बाटलीबरोबर मिळत नाही आणि त्याला अडीचशे रुपयेही पडत नाहीत.

आता मॉडेल ज्याचे होते त्याच्याकडे बघा. मोठी तबकडी सलग पत्र्याची केली असती तर तिचे वजन, तिच्यावरचा वाऱ्याचा दाब आणि खर्च, काहीच आवाक्यात राहिले नसते. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टेनलेस स्टीलच्या बारीक तारेची जाळी दोरखंडांच्या चौकटीवर ताणून बसवली. वारा जाळीतून निघून जातो. आणि ही दुर्बीण ज्या लांब रेडिओ लहरी टिपते, त्यांना एवढ्याशा भोकांची जाळी सलग भिंतीसारखीच. हे हलके आहे, बाहेरच्यांसारखे नाही, म्हणून ते थांबले असते तर खोडदच्या शेतांत आज काय दिसले असते? कामाला पुरेल ते नेमके ओळखणे हीच तिथली हुशारी. तिचे मॉडेल करणाऱ्या पोराला आपण सांगतो, की तुझा रंग योग्य दुकानातला नाही!

मला राग येतो तो "असले लावत नाहीत" या तीन शब्दांचा. बाटलीवर माझा राग नाही. ज्याला परवडते त्याने जरूर घ्यावी. पण छंदाच्या दाराशी हे तीन शब्द उभे केले की खेड्यातले पोर आत येतच नाही. ते भांडत नाही, विचारत नाही. आपले मॉडेल माळ्यावर ठेवते आणि तक्ता करते. बाजारात तयार प्रकल्प विकत मिळतात, तेही याच शब्दांच्या जोरावर. मी परीक्षक म्हणून बसले आहे आणि गुळगुळीत, विकतच्या मॉडेलला पहिला नंबर दिलेला पाहिला आहे. त्या दिवशी मी गप्प बसले, हेही लिहून टाकते.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनीच पाळावी. स्प्रे अंगणातच मारावा, नाका-तोंडाला मास्क लावावा, चुलीजवळ किंवा गॅसजवळ कधीही नाही. ढकलणारा वायू बहुतेक डब्यांत जळाऊ असतो. पावसाळ्यात दमट हवेने रंगावर पांढरट झाक येते, म्हणून थंडीतले कोरडे दिवस बरे, पण दव उडाल्यावर. आणि माळ्यावरचे जुने डबे मुलांच्या हाती देऊ नका. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या डब्यात काय असेल ते कोणी सांगावे. इथे काटकसर नको.

नातवाला मी काही समजावले नाही. समजावण्याने आठवीतले पोर अधिकच रुसते. दुसऱ्या दिवशी दहा वाजता, ऊन अंगणात आल्यावर, उरलेल्या जाळीचा तुकडा दोरीला टांगला, आधी प्रायमर, मग चंदेरी मारला आणि आत निघून आले. तासाभराने पाहिले तर तो तुकडा डोळ्यांसमोर धरून भोकांतून आभाळ बघत होता. म्हणाला, "आजी, एकही भोक बुजलं नाही." मग स्वतःच शिडी लावून माळ्यावर चढला.

तबकडी आता तयार आहे. नंबर लागेल किंवा लागणार नाही. भाच्याला हे वाचून राग आला तर त्याने पुढच्या सुट्टीत यावे आणि माझ्याशी समोरासमोर भांडावे. येताना ती बारीक रेषांची विमानेही आणावीत, नातवाला बघायची आहेत.

आणि हो, डब्यात उरलेला चंदेरी रंग मी काल गेटच्या कडीला मारला. दुकानदाराला खोटे कशाला पाडा!