एक दिवस एकांताचा

परीक्षा तोंडावर आली असतां मुलांनीं एक सबंध दिवस प्रार्थनेंत व मननांत घालविणें हा वेळेचा अपव्यय होय, असें कित्येक पालकांचें मत असतें. उलट, अशा एका दिवसानें मनुष्य पार नवा होऊन जातो, असें कित्येक भाविक मानितात. हीं दोन्ही मतें अपुरीं आहेत असें मला वाटतें.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायांत अशी हकीकत आहे कीं, शिष्य गांवोगांवचें काम करून परत आले, तेव्हां लोकांच्या वर्दळीमुळें त्यांस जेवावयासही सवड होईना. म्हणून प्रभु येशूनें त्यांस एकांतस्थळीं विसांवा घेण्यास बोलाविलें. विद्यार्थ्यांचें मनही अभ्यास, खेळ, चढाओढ आणि हल्लीं हातांतील मोबाईल यांनीं इतकें व्यापिलेलें असतें कीं, आपण कोण व कसे आहों हें पाहावयास त्यास फुरसत नसते. यास्तव वर्षांतून एक दिवस तरी मौनाचा, शास्त्रवाचनाचा व आत्मपरीक्षणाचा असावा. तो सहलीचा दिवस होऊं नये. तसेंच त्यास कोणासही बळेंच आणूं नये. सक्तीचें मौन म्हणजे नुसतें तोंड मिटणें होय.

परंतु त्याच अध्यायांत पुढें काय घडलें तें विसरतां कामा नये. नाव कांठास लागते तों लोकसमुदाय तेथें आधींच हजर! प्रभूनें त्यांस परत लाविलें नाहीं. त्यांचा कळवळा येऊन त्यानें त्यांस पुष्कळ गोष्टी शिकविल्या, आणि पांच भाकरी व दोन मासे यांवर पांच हजार पुरुष जेविले. विसांव्यासाठीं आलेल्या शिष्यांनींच तें अन्न वाढिलें.

आपल्या महाराष्ट्रांतही असेंच घडलें आहे. १९०५ सालीं केडगांव येथें पंडिता रमाबाईंच्या मुक्ति मिशनांत मोठी आत्मिक जागृति झाली. तेथील मुली प्रार्थना करून स्वस्थ बसल्या नाहींत. टोळ्या करून आसपासच्या खेड्यांत शुभवर्तमान सांगावयास गेल्या.

लोणारच्या सरोवराकांठीं असा दिवस घालविणाऱ्यास दृष्टांत दूर शोधावा लागत नाहीं. उल्काघातानें झालेलें हें विवर सुमारें १.८ किलोमीटर रुंद आहे. धारेचें गोड पाणी त्यांत बारमास उतरतें. पावसाचेंही येऊन मिळतें. पण त्यास बाहेर वाहून जाण्यास वाट नाहीं. उन्हानें पाणी उडून जातें, क्षार मागें राहतात, आणि आलेलें गोड पाणी खारें होतें. जो केवळ कृपा घेतो व कोणास कांहीं देत नाहीं, त्याच्या भक्तीचीही हीच गति होते.

म्हणून पालकांस माझी विनंति कीं, मुलांस हा एक दिवस अवश्य द्यावा. मात्र दुसऱ्या दिवशीं त्याचें फळ पाहावें. प्रार्थनेच्या वेळीं डोळे किती पाणावले हें विचारूं नये. ज्याच्याशीं अबोला होता त्याच्याशीं मुलगा बोलला काय? परीक्षेंत दुसऱ्याच्या कागदावर नजर टाकण्याचें त्यानें सोडिलें काय? आईच्या हातची जड घागर न सांगतां उचलली काय? एवढें झालें असेल तर तो दिवस फुकट गेला नाहीं. आणि विद्यार्थीमित्रांनो, हे प्रश्न कोणी विचारण्यापूर्वीं तुम्हींच स्वतःस विचारीत जा.