तपासणीचा कागद गल्ल्याशेजारी लावा

प्रति,
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य,
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

महोदय,

कुठल्याही बऱ्यापैकी हॉटेलात गेलं की गल्ल्यामागे गणपती, लक्ष्मी आणि त्यांच्याशेजारी चौकटीत बसवलेला अन्न परवाना दिसतो. त्यावरचा चौदा आकडी क्रमांक २०२२ पासून बिलावरही छापावा लागतो. मालकाने अर्ज केला, फी भरली, परवाना मिळाला, एवढं त्यातून गिऱ्हाइकाला कळतं. तुमचा अन्न सुरक्षा अधिकारी त्या भटारखान्यात शेवटचा कधी आला आणि त्याला तिथे काय दिसलं, ते कळायची सोय नाही. ती करा, एवढंच मागणं आहे.

आत पाहण्यासारखं पुष्कळ असतं. टेबल पुसायचं फडकंच घ्या. खरकटं ओढायला तेच, सांडलेला चहा टिपायला तेच आणि गर्दी वाढली की धुतलेल्या ताटल्या कोरड्या करायलाही तेच. मोरीवर एकाच टबात पेले बुचकळले जातात. दुपारपर्यंत त्या पाण्यावर तवंग धरतो. कढईतलं तेल रात्री टाकून देत नाहीत, सकाळी त्यातच नवं ओततात. वारंवार तापवलेल्या तेलात वाढणाऱ्या ध्रुवीय संयुगांवर २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती मोजणारं हातातलं यंत्रही मिळतं. वडापावच्या कढईत ते बुडवताना कुणी पाहिलंय का?

दिवाळी आली की खवा पकडल्याच्या बातम्या येतात. त्या कारवाया हव्यातच. पण खव्याचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि अहवालाला कायद्यानेच चौदा दिवस दिले आहेत. सकाळी शिजवून संध्याकाळपर्यंत ओट्यावर कोमट पडलेल्या भाताला प्रयोगशाळा लागत नाही, जाऊन बघणारे डोळे लागतात. त्यात जंतूंनी विष सोडलं असेल, तर रात्री फ्राइड राइस करताना कितीही परता, ते जात नाही.

माणसं कमी आहेत, असं तुम्ही म्हणाल. खरं आहे. त्याच अधिकाऱ्याला दूध बघायचं, तेल बघायचं आणि २०१२ च्या बंदीपासून गुटख्याच्या गाड्यांमागेही धावायचं. म्हणूनच जी तपासणी होते, ती फायलीत पडून राहणं परवडत नाही. आज कलम ३२ ची सुधारणा नोटीस मालक आणि तुमचं कार्यालय यांच्यातच राहते. अस्वच्छतेचा दंड एक लाखापर्यंत आहे, पण चालत्या हॉटेलाला त्याहून धास्ती वाटेल ती गल्ल्याशेजारी लावलेल्या तपासणीच्या कागदाची.

स्वच्छता मानांकनाची योजना आहे, ठाऊक आहे. पण ती ऐच्छिक. मालकानेच पैसे भरून तपासून घ्यायचं. ज्याची मोरी तुंबलेली, तो कशाला अर्ज करील? न्यूयॉर्कमध्ये २०१० पासून तपासणीची श्रेणी दर्शनी भागात लावावीच लागते. एवढं लांब कशाला, गिऱ्हाइकाला आत बघता यावं म्हणून शेजारच्या गुजरातने २०१९ मध्ये हॉटेलांना स्वयंपाकघराबाहेरची ‘प्रवेश बंद’ची पाटी काढायला सांगितलं.

कागद लावायची सक्ती झाली तर साहेबांचं चहापाणी महागेल, अशी हॉटेलवाल्यांची भीती असणार, आणि ती अगदीच निराधार म्हणवत नाही. त्यावर उपाय एकच. अहवाल अधिकाऱ्याच्या नावासह त्याच दिवशी संकेतस्थळावर चढवा, म्हणजे मागाहून खाडाखोड करायला जागा राहणार नाही. मालकाने दुरुस्ती केली की ठरावीक मुदतीत फेरतपासणी करायचं बंधन स्वतःवर घ्या. नाहीतर एका वाईट दिवसाची शिक्षा तो वर्षभर भोगेल. क्लाउड किचनला गिऱ्हाइकासाठी दारच नसतं, त्यांचा अहवाल ॲपवर मेन्यूच्या वर दिसू द्या. आणि हे सगळं मराठीत असावं, तारीख ठळक अक्षरांत.

सगळ्या राज्यात एकदम जमणार नाही, मान्य. सुरुवात तुमच्या जिल्हा कार्यालयांसमोरच्या हॉटेलांपासून करा. तुमच्या लोकांचा चहा तिथूनच येत असेल.

आपला,
एक गिऱ्हाईक