वर फवारा, खाली विहीर : कासारगोडचा धडा कोकणाला

काजूला नवी पालवी फुटली की पाठोपाठ ढेकण्या येतो, हे तुम्हाला सांगायला नको. कोवळ्या फुटीतला रस त्याने शोषला की शेंडा करपतो, मोहोर काळा पडतो आणि हातातोंडाशी आलेले पीक जाते. त्यामुळे फवारणी करूच नका, असा उपदेश इथे करायचा नाही. प्रश्न वेगळा आहे. झाडावर मारलेले औषध झाडावरच राहते का? राहत नसेल तर जाते कुठे, आणि ते जाते तिथे कोणाची विहीर आहे?

या प्रश्नाची किंमत आपल्याच किनारपट्टीवरच्या एका जिल्ह्याने मोजली आहे. गाडी मंगळूर सोडून केरळात शिरली की पहिला जिल्हा लागतो तो कासारगोड. जमीन बघाल तर आपलीच वाटेल. वर जांभ्याचा सडा, उतारावर काजू, खाली खोलगट भागात पोफळीच्या बागा आणि घरे. तिथले लोक जांभ्यात आडवे बोगदे खणून डोंगरात झिरपणारे पाणी दारात आणतात. या बोगद्यांना तिकडे सुरंग म्हणतात. म्हणजे डोंगरमाथा हीच गावाची टाकी.

नेमका हाच माथा केरळ सरकारच्या मालकीच्या प्लँटेशन कॉर्पोरेशनच्या काजूखाली होता. सुमारे ४,६०० हेक्टर. ढेकण्याला आवरण्यासाठी या मळ्यांवर सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धापासून २००० सालापर्यंत, दरवर्षी मोहोराच्या दिवसांत, हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले जाई. वीस वर्षांहून जास्त काळ!

आता हे औषध पाण्यात कसे उतरते ते नीट बघा, कारण इथेच बऱ्याच जणांची समजूत चुकते. एंडोसल्फान पाण्यात फारसे विरघळत नाही, मग पाण्याला धोका कसला, असे विचारले जायचे. विरघळत नाही हे खरे, पण ते मातीच्या कणांना आणि पाचोळ्याला घट्ट चिकटते. उतारावरची माती पावसाने वाहिली की कणांबरोबर औषधही वहाळात येते आणि तळाच्या गाळात बसते. तिथे त्याचे रूपांतर एंडोसल्फान सल्फेटमध्ये होते. ते मूळ औषधाइतकेच विषारी, आणि टिकते मात्र त्याहून जास्त. मासे तर याच्या अगदी सूक्ष्म प्रमाणानेही मरतात. त्यात हेलिकॉप्टरचा फवारा बारीक, वाऱ्यावर जाणारा. मध्येच डोंगर, मध्येच उंच झाडे, त्यामुळे यंत्र फार खाली आणता येत नाही. फवारा वहाळावर, उघड्या विहिरीवर थेट पडला तर मातीचा आडोसाही मिळत नाही. शिवाय मोहोराचे दिवस म्हणजे ओढे आटू लागण्याचे दिवस, वाहून न्यायला पाणीच कमी. आणि जांभा भोकाभोकांचा दगड. त्याच्या शिरांतून पाणी भराभर खाली जाते, गाळले जात नाही.

हे ध्यानात आले ते कोणा मोठ्या संस्थेच्या आधी गावातल्या माणसांच्या. श्री पड्रे हे तिथले शेतकरी आणि शेतीविषयक पत्रकार. वासरे वाकड्या पायांची जन्मतात, हे त्यांनी १९८० च्या सुमारासच लिहिले. एन्मकजे पंचायतीतल्या गावात दवाखाना चालवणारे डॉ. मोहनकुमार यांना एकाच परिसरात मेंदूचे विकार, अपंगत्व, कर्करोग असे रुग्ण नजरेत भरण्याइतके दिसू लागले. आणि लीलाकुमारी अम्मा या तर कृषी खात्यातल्याच कर्मचारी. त्या १९९८ मध्ये होसदुर्गच्या दिवाणी न्यायालयात गेल्या आणि हवाई फवारणीला मनाई मिळवली. आपल्याच खात्याला न आवडणारी गोष्ट एका खालच्या पातळीवरच्या कर्मचाऱ्याने लावून धरली. गावपातळीवर काम करणाऱ्यांनी हे वाचून ठेवावे.

पुढे सुरू झाला तपासण्यांचा घोळ. २००१ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने पाणी, माती आणि रक्ताचे नमुने तपासले, त्यात एंडोसल्फान सापडले. मळ्याच्या बाजूने करवून घेतलेल्या तपासणीत पाण्यात आणि रक्तात काही सापडले नाही. मग अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसायजन्य आरोग्य संस्थेने पाहणी केली, तेव्हा फवारणी थांबून दहा महिने झाल्यावरही मुलांच्या रक्तात अंश मिळाले. प्रत्येक आजार याच औषधाने झाला हे सिद्ध झालेले नाही, असे म्हणणारे शास्त्रज्ञ आजही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच उडवून लावता येत नाही, कारण फवारणी चालू होती त्या वीस वर्षांत कोणी विहिरीचे पाणी वेळोवेळी तपासून नोंद ठेवलीच नव्हती. पण नोंद ठेवायची कोणी? ज्याने फवारले त्याने, की ज्याने पाणी प्यायले त्याने?

निकाल लागला तो फार उशिरा. २०११ च्या एप्रिलमध्ये स्टॉकहोम कराराखाली एंडोसल्फान जगभर बंद करायचे ठरले, १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्यावर बंदी घातली. जानेवारी २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी पाच लाख रुपये तीन महिन्यांत देण्याचा आदेश झाला. पाच वर्षांनी, २०२२ मध्ये, त्याच न्यायालयाला विचारावे लागले की ३,७०४ पैकी फक्त आठ जणांनाच पैसे कसे मिळाले?

आता आपल्याकडे वळू. एंडोसल्फान गेले, पण दुसरी औषधे आहेत. हेलिकॉप्टर नाही, पण ड्रोन आला. २०२१ च्या डिसेंबरात केंद्राने ड्रोन फवारणीची कार्यपद्धती जाहीर केली, २०२३ मध्ये बचत गटांना ड्रोन देणारी ‘नमो ड्रोन दीदी’ योजना मंजूर झाली. ड्रोन वाईट नाही. पाठीवर पंप घेऊन विष हुंगण्यापेक्षा गड्याच्या दृष्टीने तो बराच. पण औषध पुन्हा वरूनच पडणार.

आणि यासाठीचा नियम जुनाच आहे, हे किती सरपंचांना माहीत आहे? कीटकनाशक नियम, १९७१ मधला नियम ४३. हवाई फवारणीची सूचना लोकांना किमान २४ तास आधी, सक्षम अधिकाऱ्यामार्फत मिळाली पाहिजे. क्षेत्र आखून दिले पाहिजे, मंजूर उंचीवरूनच फवारले पाहिजे, माणसे-गुरे ठरावीक काळ दूर ठेवली पाहिजेत. ड्रोनच्या कार्यपद्धतीतही पूर्वसूचनेची अट आहे. कासारगोडात फवारणी चालली तेव्हाही हा नियम पुस्तकात होताच. तेव्हा ड्रोनवाला गावात आला की ग्रामसेवकाने (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) विचारावे, सूचनेचा कागद कुठे आहे? औषधाचे नाव काय? सूचना मिळाली की विहिरी आणि टाक्या झाकायला एक दिवस मिळतो.

त्यापुढचा नियम ४४ मात्र आपल्या प्रत्येकाच्या अंगावर येतो. रिकामे डबे आणि पंपाची धुवण यांनी पाणी दूषित होता कामा नये, असे तो सांगतो. आणि आपण काय करतो? फवारणी झाली की पंप वहाळावर नेऊन धुतो, कारण पाणी तिथे आहे. त्याच वहाळाच्या खालच्या अंगाला नळपाणी योजनेची विहीर असते. त्यासाठी हेलिकॉप्टर लागत नाही की सरकारी महामंडळ लागत नाही. पंपाला लागणारे पाणी पिंपात भरून बागेत न्यावे, धुवण बागेतच, पाण्यापासून लांब खड्ड्यात सोडावी. डब्यातून घरी पाणी आणू नये, हेही सांगावे लागतेच.

एक गोष्ट पाणी तपासणीची. ग्रामपंचायतीत जलजीवन मिशनची तपासणी पेटी असते, जलसुरक्षक त्याने पाणी तपासतात आणि रजिस्टरात ‘योग्य’ लिहितात. त्या पेटीत क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, लोह अशा गोष्टी कळतात. कीटकनाशक कळत नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो, तोही प्लॅस्टिकच्या बाटलीत नव्हे, स्वच्छ काचेच्या बाटलीत, बर्फात ठेवून, शक्य तितक्या लवकर. सोबत आपल्या परिसरात या हंगामात कोणकोणती औषधे मारली त्यांची नावे लिहून द्या, कारण शोधायचे काय हे माहीत नसेल तर प्रयोगशाळेलाही सापडत नाही. एक नमुना फवारणीच्या आधी, दुसरा पहिल्या पावसानंतर, आणि दोन्हींची नोंद ग्रामसभेपुढे.